विद्यापीठ ग्रंथालयाचा पंचवार्षिक आराखडा: सोलापुरात रुजू होणाऱ्या नव्या ग्रंथपालांसाठी

सेट-नेट होऊन विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रात (म्हणजे ग्रंथालयात) रुजू झालेल्या माणसाकडे एक काम हमखास येतं, ते म्हणजे पाच वर्षांचा आराखडा. नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) भेट जवळ आली की त्याची घाई सुरू होते. मग दुसऱ्या विद्यापीठाचा आराखडा समोर ठेवून दोन पानं 'दृष्टी आणि ध्येय', चार पानं खरेदीची यादी आणि शेवटी आरएफआयडी गेट (पुस्तकावरची चिप ओळखणारं दार), असा मसुदा तयार होतो. ही वाट धरू नका. आधी एकच प्रश्न सोडवा: सोलापूरच्या ग्रंथालयाने केलं नाही तर दुसरं कोणीच करणार नाही, असं कोणतं काम आहे?

या प्रश्नाला आता वेगळं वजन आलं आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना केंद्राच्या पैशातून मिळतात. म्हणजे कोणती जर्नल्स घ्यायची हा जुना डोकेदुखीचा विषय बराचसा दिल्लीतच मिटतो. तुमच्याकडे उरतं ते विद्यापीठातलं संशोधन आणि सोलापूरचं साहित्य: गिरण्या आणि यंत्रमाग, १९३० चा मार्शल लॉ, पंढरपूरची वारी, डाळिंब, आणि मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू अशा चार भाषांतलं स्थानिक छापील साहित्य. आराखड्याचा कणा हाच असावा. एक मात्र लक्षात ठेवा, त्या योजनेची ६,००० कोटींची तरतूद २०२५ ते २०२७ या तीन वर्षांपुरती आहे. त्यामुळे 'पुढे अटी बदलल्या तर कोणती २० जर्नल्स स्वतः घ्यायची' याची यादी आत्ताच करून ठेवा. दर तिमाहीला काउंटर अहवाल (कोणतं जर्नल किती वापरलं गेलं याचा प्रमाणित अहवाल) उतरवून घेतला आणि त्यातले 'युनिक आयटम रिक्वेस्ट'चे, म्हणजे किती वेगवेगळे लेख उघडले गेले याचे आकडे विभागप्रमुखांपुढे ठेवले, तर ही यादी भांडणाशिवाय होते.

पहिले तीन महिने खरेदीचं नाव काढू नका, मोजणी करा. देवघेवीचे आकडे सगळेच काढतात. पण न सापडलेल्या गोष्टींची नोंद कोणी करत नाही. ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेवर) वाचकांनी काय टाइप केलं ते सर्व्हरच्या लॉगमधून काढा आणि तेच शब्द स्वतः टाकून पाहा. 'सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या' असा प्रबंध कपाटात आहे, आणि 'शेतकऱ्यांच्या' टाकल्यावर निकाल शून्य. का? 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे वाटतात. टंकलेखनाचा एकच नियम ठरवा, जुन्या नोंदी त्या नियमाने एकदा बदलून घ्या. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या झेब्रा या शोधयंत्रणेचं इंडेक्सिंग आयसीयू पद्धतीवर (युनिकोड लिपी नीट हाताळणाऱ्या) आहे का ते आधी पाहा. तसं नसेल तर देवनागरी शोध धड चालत नाही, आणि लोक समजतात पुस्तकच नाही. 'शोलापूर', 'सोलापुर' ही जुनी रूपंही पर्यायी शीर्षक म्हणून नोंदवा. या कामाला फार पैसा लागत नाही, आणि वाचकाला फरक मात्र त्याच आठवड्यात दिसतो. म्हणूनच ते पहिलं.

नोंदींच्या कामाचा हिशेब कागदावर मांडा. इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद झेड३९.५० मधून (दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकेतून नोंदी आणण्याच्या प्रणालीतून) ओढली तर तपासणीसह ५-६ मिनिटं लागतात. मराठी पुस्तकाच्या बाहेरच्या नोंदी बहुधा रोमन लिपीत येतात. देवनागरी शीर्षक आणि लेखक आपल्यालाच भरावे लागतात, त्यामुळे १२-१५ मिनिटं धरा. इंग्रजी-मराठी मिळून, बाकीची कामं सांभाळून एका माणसाच्या दिवसाला ४०-४५ नोंदी होतात. ५०,००० पुस्तकं, तीन माणसं, तर जवळपास ४०० कामाचे दिवस. 'सहा महिन्यांत पूर्ण' असं लिहिणारा आराखडा पहिल्याच वर्षी कोसळतो तो इथे. त्याआधी साठा पडताळणी झालीच पाहिजे, नाहीतर गहाळ पुस्तकांच्याही नोंदी नव्या प्रणालीत जातात. गहाळ पुस्तकांची भीती बाळगू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतला (२०१७) २१५ वा नियम वर्षभरात देवघेव किंवा वाचन झालेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पर्यंतची हानी वाजवी मानतो. आपल्या लेखासंहितेत काय आहे ते पाहून ठराव करून घ्या.

आता प्रबंध. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालं. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती, म्हणून सोलापूरवरचं जुनं संशोधन मोठ्या प्रमाणात तिकडच्या संग्रहात आहे. शोधगंगेवरून (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून) त्याची सूची करून दुवे आपल्या तालिकेत जोडणं हा वर्षभराचा सुटसुटीत प्रकल्प आहे. आपल्या प्रबंधांची अडचण निराळी आहे, फॉन्टची. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफ छान दिसते, पण त्यातला मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं येतात. ना शोध लागतो, ना साम्य तपासणीला (वाङ्मयचौर्याच्या पडताळणीला) अर्थ राहतो. परिपत्रक काढा: प्रबंध युनिकोडमध्येच, वर्ड फाइलसह, प्रकरणवार. आणि स्वीकारताना प्रत्येक प्रकरणातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. दोन मिनिटांची तपासणी आहे. ती टाळली की पुढे एकेक प्रबंध फॉन्ट परिवर्तकातून काढून पुन्हा वाचावा लागतो.

स्कॅनिंगचा मोह सगळ्यांनाच होतो. ए-फोर पान ३०० डीपीआय, ग्रेस्केल, फाइल न आकुंचता (कॉम्प्रेस न करता) साठवलं तर साधारण ८.७ एमबी. ३०० पानांचं पुस्तक २.६ जीबी. अशी २,००० पुस्तकं म्हणजे ५ टीबीच्या वर, आणि तीन प्रती ठेवायच्या तर १६ टीबी. त्यातली एक प्रत विद्यापीठाच्या आवाराबाहेर हवी. यंत्राच्या किमतीपेक्षा ही साठवण आणि माणसांचं मानधन जास्त खातं. जीर्ण पुस्तक सपाट स्कॅनरवर दाबू नका, कणा मोडतो. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर भाड्याने मिळाला तरी चालेल. टेसरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या (ओसीआर) सॉफ्टवेअरने मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही वाचता येतात, पण जुन्या खिळाछपाईतल्या जोडाक्षरांत चुका भरपूर होतात, म्हणून निदान शीर्षक, लेखक आणि अनुक्रमणिका माणसाकडून तपासून घ्या. निवड करताना हक्क बघा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. त्यापुढचं साहित्य सर्वांसाठी खुलं करता येतं, बाकीचं नाही. आणि जे दुसऱ्या कुणी आधीच स्कॅन करून खुलं ठेवलं आहे, त्यावर एक रुपयाही घालू नका.

सर्व्हरबद्दल एकच सांगणं आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो. शिसे-आम्लाची यूपीएस बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते आणि दर ८-१० अंशांच्या वाढीला तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. कार्यालय सुटल्यावर वातानुकूलन बंद करायची पद्धत सर्व्हरच्या खोलीला लावू नका.

पैशांत खरी फसगत आवर्ती खर्चात होते. यंत्रं एकरकमी अनुदानातून येतात, हमी संपल्यावर वार्षिक देखभालीला मात्र अंदाजपत्रकात खर्चाचं शीर्षच नसतं, आणि चौथ्या वर्षी गेट, किऑस्क बंद पडून राहतात. आराखड्यात प्रत्येक यंत्रापुढे पाचही वर्षांचा देखभाल खर्च लिहा. तो लिहिता येत नसेल तर ते यंत्र यादीतून काढा. माणसांचंही तसंच. कंत्राटी डेटा ऑपरेटर गेला की त्याच्याबरोबर पासवर्ड आणि पद्धतही जाते. म्हणून बॅकअप परत कसा चढवायचा याची पायरीवार टिपण मराठीत लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी दुसऱ्याच कर्मचाऱ्याकडून तो चढवून घ्या.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला इथल्या महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना मसुदा तयार होण्याआधी बोलवा. त्यांच्या वाचनालयांत स्मरणिका, गॅझेटं, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे गठ्ठे असतात, आणि 'वन नेशन'च्या पहिल्या टप्प्यात न बसणाऱ्या महाविद्यालयांना एन-लिस्टचा (महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या योजनेचा) आधार लागतो. कोणाकडे काय आहे याची एक सामायिक यादी अंदाजपत्रकाची मागणी जाण्याआधी हाती आली, तर पहिल्या वर्षाच्या स्कॅनिंगचा क्रम तिच्यावरून लावता येतो.