ग्राफीनमधला इलेक्ट्रॉनांचा श्यान प्रवाह कसा ओळखावा

इलेक्ट्रॉन द्रवासारखे वाहत आहेत असे म्हणण्याआधी ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या थराच्या, नमुन्यात तशी परिस्थिती आहे का, हे तपासावे. एकमेकांवर आदळण्यापूर्वी इलेक्ट्रॉन सरासरी जेवढे अंतर कापतात, ते वाहिनीच्या, म्हणजे प्रवाह ज्या पट्टीतून जातो तिच्या, रुंदीपेक्षा बरेच कमी हवे. उलट अशुद्धी किंवा फोनॉन (स्फटिकातल्या अणूंची कंपने) यांच्यामुळे संवेग गमावण्यापूर्वी कापलेले अंतर त्या रुंदीपेक्षा जास्त हवे. आपसातल्या टकरींत एकूण संवेग टिकून राहतो, आणि त्यातूनच प्रवाहाला श्यानता, म्हणजे मधासारखा दाटपणा, येतो.

षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये बंदिस्त केलेले ग्राफीनच घ्यावे, कारण सिलिकॉन ऑक्साइडवर उघडे ठेवलेले ग्राफीन बहुधा एवढे स्वच्छ नसते.

मापनासाठी वाहिनीच्या कडेवरील एका अरुंद संपर्कातून विद्युत्प्रवाह आत सोडावा आणि तो दूरच्या संपर्कातून बाहेर काढावा. त्यानंतर पहिल्या संपर्कापासून सुमारे एक मायक्रोमीटरवरच्या संपर्काचे व्होल्टेज, वाहिनीच्या दुसऱ्या टोकाच्या तुलनेत, लॉक-इन अॅम्प्लिफायरने (ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत गोंगाटातून वेचणाऱ्या उपकरणाने) मोजावे. प्रवाह मायक्रोअँपिअरच्या आतच ठेवावा, नाहीतर इलेक्ट्रॉन तापतात आणि आपण कोणत्या तापमानाला मोजतो आहोत हेच कळेनासे होते. शून्य चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या जोड्यांची अदलाबदल करून पाहावी; रोध तोच आला नाही, तर दोष जोडणीत किंवा संपर्कांत शोधावा.

दाट द्रव आत शिरताना आजूबाजूच्या द्रवालाही ओढून नेतो आणि शेजारी भोवरे उठतात, त्यामुळे जवळच्या संपर्कावर रोध ऋण दिसतो, म्हणजे तिथले व्होल्टेज उलट चिन्हाचे येते. मँचेस्टरच्या गटाने २०१६ मध्ये हेच दाखवले. तरीही ऋण चिन्हावर समाधान मानू नये, कारण येथेच घाई होते. २०१८ च्या मापनांतून दिसले की टकरींचा प्रभाव जाणवू लागला तरी प्रवाह तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात अर्धवट बॅलिस्टिक (इलेक्ट्रॉन न आदळता सरळ जाण्याच्या प्रकारचा) राहतो आणि त्या अवस्थेतही रोध ऋण येतो. म्हणून तापमान काही केल्विनपासून टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे, ऋण रोध सर्वाधिक कुठे होतो ते टिपावे, आणि श्यान प्रवाहाचा दावा त्या टोकाच्या वरच्या तापमानांपुरताच करावा. पुढे फोनॉनमुळे इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन, म्हणजे विखुरणे, वाढले की ही खूणही पुसट होते.

शक्य असल्यास त्याच स्फटिकात एक अरुंद खिंडही कोरावी. तापमान वाढवल्यावर तिची वाहकता बॅलिस्टिक मर्यादेच्या, म्हणजे टकरींशिवाय मिळू शकणाऱ्या कमाल वाहकतेच्या, वर गेली, तर भोवऱ्यांवर अवलंबून नसलेला दुसरा पुरावा हाती येतो.