रान विकण्याआधी शेजारची पट्टी घ्यावी का? ठरवायचं कसं

रान विकायचं ठरलं की बातमी बांधावरून पसरते, आणि बऱ्याचदा शेजारचा भाऊबंदच निरोप पाठवतो: "माझी पट्टी पण घेऊन टाक, मग एकदमच विक. सलग रानाला भाव येतो." त्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते प्रत्येक रानाला लागू पडत नाही. शेजारची पट्टी तुमच्या रानातली एखादी अडचण दूर करत असेल, तरच ती विकण्याआधी घेण्यात अर्थ आहे. नुसते गुंठे वाढणार असतील तर खर्च आणि जोखीम तेवढी तुमच्याकडे येते. एक-दीड एकराच्या आतल्या रानात हा फरक फार मोठा असतो. म्हणून पुढच्या क्रमाने जा.

१. आपल्या रानाला कमी भाव का येतोय, ते आधी शोधा

परिसरातल्या दोन-तीन खरेदीदारांना किंवा मध्यस्थांना रान जसं आहे तसं दाखवा आणि भाव विचारा. मग लगेच विचारा, "कमी का?" उत्तर बहुधा चारांपैकी एक असतं: रस्ता नाही, पाणी नाही, आकार वेडावाकडा आहे किंवा क्षेत्र फार कमी आहे.

यातला रस्ता सगळ्यात महत्त्वाचा. सातबाऱ्यावर बहुतेक वेळा रस्ता दिसत नाही, त्यासाठी गाव नकाशा काढावा लागतो. शिवरस्ता किंवा पाणंद नकाशात आहे का आणि तुमच्या गटाला ती कुठे लागते, हे तिथे कळतं. "पिढ्यान्‌पिढ्या इथूनच जातो" हे गावात चालतं, पण बाहेरचा खरेदीदार त्यावर पैसे टाकत नाही. दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळवायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तशी वाट मिळण्यासारखी असेल तर पट्टी घ्यायची गरजच उरत नाही. मात्र हरकती, स्थळपाहणी, अपील यात वेळ जातो. घाईने विकायचं असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

पाण्याचंही तसंच. शेजारच्या विहिरीत तुमचा हिस्सा असेल तर तो सातबाऱ्यावर नोंदला आहे का ते पाहा. आठवड्यातल्या पाळ्या तोंडी ठरलेल्या असतील तर त्या खरेदीखतात उतरवणं अवघड जातं.

२. तुकडेबंदी तपासा

शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कायद्याने ठरवलेलं किमान क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याहून लहान जमीन म्हणजे तुकडा.

इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. शेजाऱ्याची पट्टी आधीपासून तुकडा म्हणून नोंदलेली असेल, तर ती लगतच्या गटाच्या मालकाला विकता येते, बाहेरच्याला नाही. म्हणजे त्या पट्टीला गिऱ्हाईक तुम्ही किंवा दुसऱ्या बाजूचा बांधकरी, एवढेच. भाव ठरवताना ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे, ती विसरू नका.

पण शेजाऱ्याचं रान मोठं असेल आणि तो त्यातून चार-सहा गुंठे तोडून देतो म्हणत असेल, तर नवा तुकडा पाडण्याला कायद्याची आडकाठी आहे. विहीर, शेतरस्ता, घरकुल अशा ठरावीक कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने वाट निघते. परवानगी हातात येण्याआधी विसार देऊ नका.

तुमचंच रान तुकडा असेल, समजा १६ गुंठे जिरायत, तर शेजारचे सहा गुंठे घेतल्यावर तुम्हाला गिऱ्हाईक कुठूनही आणता येईल का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आणि तलाठ्याकडे आधी विचारून घ्या. तसं होत असेल तर पट्टी घेण्याचं याहून सबळ कारण मला तरी माहीत नाही.

३. पट्टीचे कागद स्वतःच्या जमिनीपेक्षा कडक तपासा

आपल्या जमिनीचा इतिहास घरात माहीत असतो, शेजाऱ्याचा नसतो. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२, म्हणजे विक्रीवर बंधन असलेली जमीन, असं असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, बहिणींची नावं काय काय आहे ते एकेक वाचा. सामाईक सातबारा असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि मुंबईला किंवा सुरतला गेलेला एक चुलतभाऊ सगळा व्यवहार अडवून धरू शकतो. वारसाहक्काने आलेल्या जमिनीत एका वारसाने आपला हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्या वारसांना हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो घेण्याचा पहिला हक्क असतो.

पट्टीच्या कागदातला दोष खरेदीनंतर तुमच्या विक्रीलाही चिकटतो. स्वच्छ २८ गुंठ्यांना भांडणाचे सहा गुंठे जोडले तर गिऱ्हाईक सगळ्यालाच नाही म्हणतं.

४. हिशेब कागदावर मांडा

समजा तुमचं २८ गुंठे जिरायत रान आहे, रस्ता नाही, भाव गुंठ्याला ९०,००० सांगितला. म्हणजे २५.२० लाख. मध्ये शेजाऱ्याची सहा गुंठ्यांची पट्टी आहे आणि ती डांबरी रस्त्याला लागते. तो १० लाख मागतोय. मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी फी, मोजणी आणि वकील मिळून आणखी १ लाख धरा. शुल्क तुमची किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यात जे जास्त असेल त्यावर लागतं, हे लक्षात ठेवा.

रस्ता मिळाल्यावर ३४ गुंठ्यांना १,३०,००० चा भाव आला तर ४४.२० लाख होतात. ११ लाख वजा केले तरी आठ लाख जास्त उरतात. पण भाव १,००,००० वरच अडकला तर ३४ लाख, आणि खर्च वजा जाता तुम्ही २.२० लाखांनी मागे. सगळा निर्णय त्या एका भावावर उभा आहे, म्हणून तो शेजाऱ्याच्या तोंडून नव्हे, खऱ्या गिऱ्हाइकाकडून घ्या. पैसे कर्जाऊ असतील तर ११ लाखांवर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याजच १.३२ लाख होतं. रान विकायला दीड वर्ष लागेल असं धरूनही आकडा जमतोय का, ते पाहा.

५. आयकराकडे दुर्लक्ष नको

खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण गाव शहराजवळ असेल तर चित्र बदलतं. लोकसंख्येनुसार नगरपालिकेच्या हद्दीपासून २, ६ किंवा ८ किलोमीटर असं अंतर सरळ रेषेत मोजतात. त्या आत असाल तर जुन्या रानाचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जाईल, आणि नव्या पट्टीचा, २४ महिन्यांच्या आत विकल्यास, अल्प मुदतीचा. तो तुमच्या उत्पन्नात मिळवून त्या दराने कर लागतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतली तर करात सवलत मिळते, पण खरेदी विक्रीनंतर दोन वर्षांत व्हावी लागते. आधी घेतलेली पट्टी त्यात धरता येत नाही.

६. विकत न घेता एकत्र विका

मला सगळ्यात जास्त पटणारा पर्याय हाच आहे. शेजाऱ्यालाही विकायचंच असेल तर दोघांनी मिळून एकच गिऱ्हाईक शोधावं. त्याने एकाच दिवशी दोन खरेदीखतं करावीत किंवा एकाच खतात दोघे 'लिहून देणार', म्हणजे विकणारे, व्हावेत. मात्र पट्टी तुकडा म्हणून नोंदलेली असेल तर बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या नावाने दस्त होईल का, हे निबंधक कार्यालयात आधी विचारा. भावाची वाटणी कशी करायची ते स्टॅम्प पेपरवर आधी लिहून घ्या, कारण रस्त्याकडचे सहा गुंठे आणि आतले २८ यांचा भाव समान धरायचा की नाही, यावरच नंतर वाद होतात.

७. घ्यायचंच ठरलं तर

आधी दोन्ही गटांची सरकारी मोजणी करा आणि 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) हातात घ्या. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे बांधकरी हजर राहतील असं बघा. नंतर जाहीर नोटीस द्या, मग खरेदीखत. फेरफार मंजूर होऊन पट्टी तुमच्या सातबाऱ्यावर येईपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाकडून मोठी रक्कम घेऊ नका.

आणि सगळंच रान विकून टाकणार असाल तर एवढं बघा: नावावर शेतजमीन उरली नाही तर पुढे शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा दाखवणं अडचणीचं होतं. मुलांना पुढे कधी शेती घ्यायची असेल, तर थोडं क्षेत्र स्वतःकडे ठेवायचं का हे खरेदीखताच्या आधी घरात बोलून घ्या. ठेवायचं झाल्यास तेही प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी राहता कामा नये.