नगरपालिकेला सामूहिक निवेदन देताना या चुका टाळा

परिसरातील प्रश्नावर सह्या गोळा करून दिलेले निवेदन पुष्कळदा कोणी विरोध केला म्हणून नव्हे, तर ते नेमके कोणत्या विभागाने हाताळायचे हे कार्यालयात कोणालाच ठरवता येत नाही म्हणून पडून राहते. रस्ता, पाणी, कचरा आणि मोकाट कुत्री असे चार विषय एकाच कागदावर आले की तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि प्रत्येक टेबल उरलेल्या तिघांकडे बोट दाखवते. एका निवेदनात एकच विषय असावा आणि मागणी पहिल्याच परिच्छेदात यावी. परिसराचा इतिहास लिहायचाच असेल तर तो शेवटी जोडावा.

‘दिवे नेहमी बंद असतात’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. कोणत्या क्रमांकाच्या खांबांवरील दिवे कोणत्या तारखेपासून बंद आहेत आणि यापूर्वीची तक्रार कधी नोंदवली होती, एवढे लिहिले तर दुरुस्ती करणाऱ्याला थेट जागेवर जाता येते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अडचण सांगण्याऐवजी स्वतःच उपाय ठरवून तोच मागणे. भरधाव वाहनांचा त्रास झाला की रहिवासी हमखास गतिरोधक मागतात. गतिरोधकामुळे रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनांचा वेग कमी होतो, आणि त्यालगतच्या घरांना ब्रेक लावण्याचा व पुन्हा वेग घेण्याचा आवाज रात्रंदिवस सोसावा लागतो. त्यामुळे ही मागणी तांत्रिक कारणाने फेटाळली जाऊ शकते आणि मूळ त्रास तसाच राहतो. वाहतूक अभियंते सरासरी वेगाऐवजी, ८५ टक्के वाहने ज्या वेगाच्या आत धावतात तो वेग पाहतात, आणि तो मोजणीशिवाय कळत नाही. म्हणून ‘या रस्त्यावर वेगाची मोजणी करून योग्य तो उपाय करावा’ अशी मागणी केली, आणि कोणत्या वेळी व कोणत्या वळणावर धोका जाणवतो हे सोबत दिले, तर ती नाकारणे अवघड जाते. ज्यांच्या दारासमोर बदल होणार आहे त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे, कारण त्यांची हरकत नंतर आली तर सगळे प्रकरण मागे पडते.

सह्यांच्या संख्येला लोक अवास्तव महत्त्व देतात, असे माझे मत आहे. एकाच हस्ताक्षरातल्या घरभराच्या सह्या, अपुरे पत्ते आणि हद्दीबाहेरच्या परिचितांची नावे यांमुळे खऱ्या सह्यांवरही संशय येतो. मागणीचा मजकूर सह्यांच्या प्रत्येक पानावर वर छापलेला असावा; कोऱ्या कागदावरची सही नेमकी कशासाठी घेतली होती, हे नंतर सिद्ध करता येत नाही. दूरध्वनी क्रमांक मात्र फक्त संपर्क व्यक्तीचा द्यावा, कारण निवेदन अनेकांच्या हाती जाऊ शकते.

निवेदन दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच न घेता परतणे ही साधी, पण नेहमी घडणारी चूक आहे. खर्चाचे काम असेल तर निवेदन अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या बऱ्याच आधी पोहोचले पाहिजे. नंतर आलेल्या मागणीला ‘तरतूद नाही’ हे उत्तर आयतेच मिळते.

‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर आले, तर तो कोणाच्या अखत्यारीत आहे हे लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर जोडून त्या कार्यालयाकडे जावे. उत्तरच आले नाही, तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे व त्याची प्रत लोकप्रतिनिधींना पाठवून विषय सभेत मांडण्याची विनंती करावी. काम अर्धवट असताना ‘तक्रार निकाली’ असा शेरा पडला, तर रागाने नवे निवेदन देऊ नये, कारण नव्या क्रमांकाबरोबर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते. तारखेसह छायाचित्रे जोडून जुन्याच क्रमांकावर प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी करावी.