मटणात वाइन घालताय? आधी या चुका टाळा

पहिल्यांदा मी अर्धी बाटली रेड वाइन थेट काळ्या मसाल्याच्या मटणात ओतली, कुकरचं झाकण लावलं आणि पाच शिट्ट्या काढल्या. मामांनी एक घास घेतला, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "हाई काय शे भो?" रस्सा कडू झाला होता, वर दारूचा भपका.

चूक कुकरपासून सुरू झाली. बंद झाकणात वाफ कोंडते, अल्कोहोलला उडून जायला फारशी वाट नसते. कांदा परतला की वाइन उघड्या पातेल्यात घालायची, निम्मी होईपर्यंत आटवायची, मग मटण. त्यातही रेड वाइनचा तुरटपणा आटताना वाढत जातो आणि काळ्या मसाल्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा कडवटपणा आधीच मुरलेला असतो. शिवाय अल्कोहोल तिखटाची आग आणखी भडकवतं. आपला काळा रस्सा वाइनशिवायच राहू द्या, असं माझं स्पष्ट मत. हौस असेल तर कांदा, लसूण, मिरीचं साधं मटण करा. अर्ध्या किलोला अर्धी वाटी वाइन पुरे. भाजी कडू झालीच, तर गुळाचा लहान खडा आणि चमचाभर लोणी थोडं सावरतं. माझ्या त्या रश्शाला मात्र तेही पुरलं नाही.

लोखंडी कढई नको, साधं ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. वाइन आंबट असते, धातूची चव उतरते. स्टीलचं घ्या. याच आंबटपणामुळे डाळ आणि बटाटा लवकर मऊ होत नाहीत, म्हणून ते शिजल्यावरच वाइन घाला. दुधात तर नकोच, फाटेल.

"शिजवलं की दारू उडते" हे अर्धंच खरं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के, अडीच तासांनंतरही ५ टक्के. पंगतीत कोणी माळकरी असेल, लहान मुलं असतील, कुणाला औषधं चालू असतील, तर आधी सांगा. न सांगता वाढणं मला तरी पटत नाही.

बाटली कुठे ठेवता तेही बघा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. कपाटावर ठेवलेली वाइन तिथेच शिजते आणि बेचव लागते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

आता पेयांचं. सांग्रियात, म्हणजे फळं घातलेल्या गार वाइनमध्ये, जळगावची केळी घालायचा मोह होतो, पण ती काळी पडतात आणि विरघळून पेय गढूळ करतात. मोसंबी, सफरचंद, द्राक्षं घ्या. गार वाइनमध्ये साखर लवकर विरघळत नाही, आधी पाक करून थंड करा. सोडा वाढायच्या क्षणीच, नाहीतर फुगे निघून जातात. भांडंभर बर्फ घालू नका, फळंच गोठवून टाका.

धुळ्याच्या डिसेंबरातल्या थंडीत दालचिनी-लवंग घालून गरम वाइन छान लागते. फक्त उकळी येऊ देऊ नका. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे काठावर बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करायचा आणि गाळून लगेच द्यायची.