चर्चच्या मंडळीत नाव आहे, काम नाही? सुरुवात इथून करा

नव्या गावी आलात की आधी कागद. जुन्या चर्चच्या पाळकांकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, सभासदत्वाचं बदलीपत्र घ्या आणि त्यात बाप्तिस्मा व दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर स्वतः श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीच्या) तारखा आहेत ना, ते तिथेच तपासा. पत्र नव्या मंडळीच्या नोंदवहीत चढेपर्यंत तुम्ही पाहुणेच. मुलाचा बाप्तिस्मा किंवा मुलीचं लग्न तोंडावर आलं की मग ही धावपळ सुरू होते.

पहिले चार रविवार नुसतं बघा. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण जुन्या मिशनच्या सवयी आजही टिकून आहेत. प्रार्थनेला कुठे उभे राहतात, कुठे गुडघे टेकतात. ‘आमच्याकडे असं नव्हतं’ हे वाक्य निदान वर्षभर गिळून टाका. कमिटीत शिरायची घाईही नको. दर आठवड्याला न चुकणारं एकच छोटं काम मागा.

शास्त्रवाचन हे त्यातलं उत्तम काम. उतारा शनिवारी रात्री नव्हे, बुधवारीच मागून घ्या आणि घरी तीनदा मोठ्यानं वाचा. लोक अडखळतात ते नावांवर: थेस्सलनीकाकरांस, नबुखद्नेस्सर. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात तर शद्रख, मेशख आणि अबेद्नगो पुन्हापुन्हा येतात. पहिल्यांदा चुकलं की शेवटपर्यंत चुकतं. अशी नावं पेन्सिलीनं तोडून लिहून ठेवा. वेदीजवळ कोणतं भाषांतर ठेवलंय ते आधी बघा, नाहीतर लोकांच्या हातातला मजकूर एक आणि तुमचा दुसरा. पुस्तक, अध्याय, ओवी सांगून थांबा. पानांची सळसळ थांबली की सुरू करा. माईक तोंडापासून वीतभर लांब. आणि वाचून झालं की खाली या. दोन शब्द बोलायचा मोह आवरा, उपदेश पाळकसाहेब करणार आहेत.

गाणाऱ्यांनी पेटीवाल्याशी उपासनेआधी पंधरा मिनिटं बसावं. ना. वा. टिळकांचं भजन घेतलं आणि सूर स्वतःच्या गळ्याला लावला, की अंतऱ्याला अर्धी मंडळी गप्प. आधी अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर गाऊन बघा, मग पट्टी ठरवा. तबला आणि झांज गाण्याच्या खालीच राहिली पाहिजे, हे तरुण संघाला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.

दानाच्या थैल्या मोजायला नेहमी दोघं, आणि ती दोघं एका घरची नसावीत. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या करा, नाणी वेगळी, नावाची पाकिटं वेगळी. पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळत नसेल तर पाकीट फेकू नका. फरक त्यावरच लिहून दोघांनी सही करा. एकूण रक्कम वहीत शाईनं लिहा. पैसे कोणाच्याही घरी न जाता सोमवारी बँकेत. त्यातून ‘तात्पुरता’ खर्च भागवला की हिशेब बिघडलाच म्हणा. कापणीच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात हे जास्तच होतं: बोली जोरात लागते, भोपळा घरी जातो आणि पैसे द्यायचे राहतात. बोली लागताच नाव आणि रक्कम लिहायला एक माणूस बसवा.

आजाऱ्यांच्या भेटीला दोघांनी, फोन करून जावं. जेवणाची वेळ टाळावी. पंधरा-वीस मिनिटं पुरे: एक लहान स्तोत्र, छोटी प्रार्थना, आणि बाकी त्यांचं ऐकणं. घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) हवं असेल तर पाळकांना कळवा. आजाराचा तपशील मात्र त्यांच्या परवानगीशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रार्थनाविषय’ म्हणून टाकू नका. संध्याकाळपर्यंत तो बाजारात पोचलेला असतो, आणि पुढच्या वेळी ते घर दार उघडतं पण मन उघडत नाही.

एखाद्या रविवारी जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत सांगा आणि बदली माणूसही तुम्हीच शोधून द्या.