विमा नसलेली होडी बुडाली, तर काय करायचं

कोजागिरीच्या रात्री आम्ही गच्चीवर मसाला दूध पीत होतो आणि खाली नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीला आमची होडी बुडत होती. वादळ नाही, वारा नाही, टिपूर चांदणं. संध्याकाळी सहाच्या ओहोटीला आमच्या ह्यांनी दोर आखूड बांधला होता. पुनवेचं उधाण, बाराच्या सुमाराला पाणी चढलं, दोरानं नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली धरून ठेवली आणि पाणी वरून आत शिरलं. पहाटे पाणी उतरलं तेव्हा नाळ कडीला लटकलेली, मागचा भाग मशीनसकट चिखलात.

विमा नव्हता. होडी एकोणीस वर्षांची, लाकडावर फायबर मारलेली. दर सीझनला म्हणायचं, नारळी पुनवेनंतर बघू, आणि नारळी पुनवेनंतर कोळंबी लागली की कोण बघतंय.

मी मासळी विकते, घरचा हिशोब माझ्याकडे. यंदा जूनमध्ये सारसोळ्याच्या एका बाईची होडी बुडाली, ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तू काय काय केलंस ते सांग. तिला सांगितलं तेच इथे लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं: होडीची घाई करा, पैशाची घाई करू नका. आम्ही नेमकं उलटं करणार होतो.

पहिला तास

आधी माणसं मोजा. होडी जेट्टीला बुडाली असली तरी मोजा, कारण कधी कधी खलाशी होडीतच झोपतो. पाण्यात असताना बुडायला लागली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत, फक्त तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, नाही. तांडेलाचा फोनच आधी भिजतो.

दोर कापू नका. माझा पुतण्या कोयता घेऊन धावला होता. सासूबाई जेट्टीवरून ओरडल्या, “कापू नको रं! तोच तर हात हाय तिचा.” खरं होतं. दोर कापला असता तर होडी घसरून खोल पाण्यात गेली असती आणि मग ती काढायला क्रेनच लागली असती. उलट दुसरा, तिसरा दोर बांधा, शक्य तर वेगवेगळ्या कड्यांना.

मग डिझेल. टाकीचा कॉक बंद करा, हवा जायच्या नळीत कापडाचा बोळा कोंबा. हे फक्त खाडीसाठी नाही, स्वतःसाठीही आहे. तिवरांत तेलाचा तवंग पसरला की आधी तुमच्याच शेजाऱ्यांची चिंबोरी मरते, आणि दुपारी होडी ओढायला माणसं त्याच शेजाऱ्यांकडून मागायची असतात. बुडालेल्या जागेवर बांबू रोवून लाल फडकं लावा, रात्री दिवा. दुसऱ्याची होडी तिच्यावर आपटली तर विम्याशिवाय दोन होड्यांचं दुखणं गळ्यात.

तिथी मोजा

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

तिथीची पाऊण पट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊण पट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या आसपास, ओहोटी बाराला. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या सुमाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. खाडीत आत गेलात की थोडा उशीर धरा. रोज वेळ पाऊण तासानं पुढे सरकते. हे आमच्यात पोरांनाही माहीत असतं, पण होडी बुडाली की माणूस ते विसरतो. दोन तास पाण्याशी झुंजतो, मग पाणी आपोआप उतरतं आणि माणूस दमून बसलेला.

वेळेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाणी किती चढतं-उतरतं ती. पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यांत मोठं असतं. ओहोटीला होडी उघडी पडते, भरतीला पाणी भरपूर उचलतं. सप्तमी-अष्टमीला भांग लागतो: ओहोटीला पाणी पुरतं उतरत नाही, भरतीला पुरतं चढत नाही. त्या दिवसांत कितीही माणसं लावा, होडी जागची हलत नाही. म्हणजे आमच्याकडे फार तर तीन-चार दिवस होते. ते गेले असते तर पुढच्या अवसेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तोवर होडीच्या पोटात गाळ बसून ती खाडीचीच झाली असती.

पिंपं

पहिल्या ओहोटीला आम्ही फक्त गाळ काढला. बादल्या, घमेली, आणि जिथे होडीच्या बुडाला चिखलानं धरून ठेवलं होतं तिथे पाण्याच्या पंपाचा फवारा. हा चिखलच खरा वैरी. वजनानं नाही, तो चोखून धरतो. फवारा मारून आणि होडी डावी-उजवी हलवून आधी ती पकड सोडवायची, मगच उचलायची. माणसांनी फळ्यांवर उभं राहून काम करा; आमचा एक जण मांडीपर्यंत रुतला, त्याला काढण्यातच अर्धी ओहोटी गेली.

होडीला भोक नसेल आणि ती ओहोटीला पूर्ण उघडी पडत असेल तर नशीबवान आहात. बुडाचं बूच काढा, पाणी वाहू द्या, बूच घट्ट बसवा, भरतीची वाट बघा. आमचा मागचा भाग पाण्यातच राहत होता, म्हणून पिंपं लागली.

टीटीसीच्या, म्हणजे नवी मुंबईतल्या एमआयडीसीच्या, बाजूला भंगारवाल्यांकडे दोनशे लिटरची निळी प्लास्टिकची पिंपं मिळतात. आधी त्यात काय होतं ते विचारा आणि बाहेरून धुऊन घ्या. झाकणाचं रबर बघा. एक रिकामं, घट्ट बंद पिंप पाण्याखाली गेलं की साधारण १८० किलो उचलतं. आम्ही आठ आणली. ओहोटीला होडीच्या पोटाखालून पट्टे काढले, ट्रकवर माल बांधतात तसले रुंद, आणि दोन्ही बाजूंना चार-चार पिंपं जितकी खाली बांधता येतील तितकी खाली बांधली. वर बांधलीत तर भरती निम्मी होईपर्यंत ती नुसती हवेत बसून राहतात. होडीच्या खुंट्यांना बांधायचं नाही. जुन्या लाकडात खुंटी उपटून येते आणि होडी तिथेच.

मग सगळ्यांना बाजूला काढा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढायला तर नाहीच. पहिल्या दुपारच्या भरतीला ती हलली आणि परत बसली. दुसऱ्या दुपारी, पाऊण वाजता, एक मोठा ‘फस्स’ आवाज आला आणि मागचा भाग वर आला. त्या क्षणी आमचे हे रडले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

वर आली की लगेच बंदरात ओढायची घाई नको. पिंपांसकट किनाऱ्याला, उथळ पाण्यात न्या, पुढच्या ओहोटीला बसू द्या आणि मग उपसा.

मशीनला चावी लावू नका

प्रत्येक जण एकदा म्हणणार, “बघू तरी सुरू होतंय का.” नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना मशीन फिरवलं की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्तीचं मशीन भंगाराचं होतं.

लोखंड खाऱ्या पाण्यात असेपर्यंत फार सडत नाही. बाहेर येऊन हवा लागली की तासांत गंज धरतं. म्हणून मेकॅनिक होडी वर यायच्या आधीच जेट्टीवर हजर हवा. गोड्या पाण्यानं धुवा, भरपूर. आम्ही एक छोटा टँकर मागवला, लोक हसले. ऑइल काढा (आमचं चहासारखं निघालं, म्हणजे पाणी मिसळलेलं), इंजेक्टर काढा, हातानं मशीन फिरवून पाणी बाहेर उडवा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओता, परत फिरवा. सुरू झाल्यावरही ऑइल दोन-तीनदा बदलायचं. स्टार्टर आणि डिझेल पंप त्याच दिवशी उघडता येत नसतील तर ते वाळवत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण आमचा पंप त्यामुळे वाचला. बॅटरी गेली. वायरिंग गेलं. मशीनला सगळं मिळून अडतीस हजार. नवं घ्यायचं म्हटलं असतं तर घरच गहाण पडलं असतं.

कागद

त्याच दिवशी सागरी पोलिसांत लेखी खबर द्या, पोच घ्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्याला बेवारस होडी दिसली की चौकशी लागते, आणि तुमचा नोंदणी क्रमांक त्या होडीवर आहे. नंतर मच्छीमार सोसायटी, मग मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी. होडी कायमची गेली असेल तर नोंदणी रद्द करायला विसरू नका. सांगाडा कुणी उचलून नेला तरी कागदावर मालक तुम्हीच राहता.

आता कटू भाग. सरकारी मदत नैसर्गिक आपत्तीला मिळते: जाहीर झालेलं चक्रीवादळ, पूर. तेव्हा पंचनामा होतो, आणि तेव्हाही आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण गेलेल्या होडीला १५ हजार, पूर्ण गेलेल्या जाळ्याला ४ हजार असे आकडे आहेत. वादळात गेली असेल तर जरूर मागा, फोटो काढा, जाळ्याची वेगळी नोंद करायला लावा. पण आमच्यासारखी दोरानं गेली असेल तर काही नाही.

एका शेजाऱ्यानं सुचवलं, रात्री वारा सुटला होता असं लिहून द्या. वाऱ्याची नोंद हवामान खात्याकडे असते आणि अख्खा कोळीवाडा त्या रात्री गच्चीवर होता. खोटा जबाब एकदा कागदावर आला की पुढचं खरं वादळही कुणी मानत नाही. आम्ही लिहिलं: दोर आखूड होता.

आणखी एक गैरसमज. मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा माणसाचा आहे, होडीचा नाही. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. तुमच्या खलाशांची नावं त्यात आहेत का हे सोसायटीत जाऊन याच आठवड्यात बघा. होडी बुडायची वाट बघू नका.

पैसे: पंधरा दिवस काहीही सही करायची नाही

तिसऱ्या दिवशी एक व्यापारी घरी आला. गोड बोलणारा, मिठाई घेऊन. दोन लाख आत्ता देतो, व्याज नाही, फक्त मासळी मलाच घालायची. ह्यांनी पेन हातात घेतलं होतं. मी म्हटलं, “भाऊ, सुतक पाळतो आपण माणसाचं, होडीचं पंधरा दिवस पाळू द्या.” तो गेला. नंतर हिशोब केला: त्याचा भाव बाजारापेक्षा किलोमागे जितका कमी होता, त्यात वर्षाला दोन लाखांहून जास्त गेले असते आणि मुद्दल तसंच राहिलं असतं.

वही घ्या, दोन पानं करा. एका पानावर होडी पाण्यात जायला जे लागतं तेवढंच: मशीन, बूच, फायबरचा थर, एक जाळं. दुसऱ्यावर जे नंतर चालेल: रंग, दुसरं जाळं, फिश फाइंडर. कर्ज फक्त पहिल्या पानासाठी. आमचं पहिलं पान सत्त्याहत्तर हजारांत आटोपलं. दोन लाखांची गरजच नव्हती.

बँकेचा हप्ता चालू असेल तर तो चुकायच्या आधी जा. नव्वद दिवस थकला की खातं बुडीत धरतात आणि मग साहेबांच्या हातातही फार राहत नाही. पोलिसांच्या खबरीची पोच बरोबर न्या, मुदत वाढवून लेखी मागा. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, नसेल तर अर्ज करा, पण त्या पैशाची याच महिन्यात आशा धरू नका. सोनं मोडू नका, गहाण ठेवायचं तर बँकेत. बिनपरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. धमकी आली तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते.

खलाशांचा हिशोब मात्र लगेच चुकता करा, उसने घेऊन का होईना. आमचे दोघे त्या पैशावर थांबले. नाहीतर होडी तयार झाली असती आणि माणसं दुसऱ्याकडे.

घरातला नाखवा

माझा नवरा सहा दिवस बोलला नाही. जेवायला बसायचा, उठायचा, जेट्टीवर जाऊन रिकाम्या कडीकडे बघायचा. ज्याला गाव नाखवा, म्हणजे होडीचा मालक, म्हणतं त्याची होडी गेली की त्याला हाक कशी मारायची हेच लोकांना कळत नाही. सल्ले द्यायला येतात आणि दोराबद्दलच बोलतात. मी दारातच सांगायला लागले, दोराचं सोडून काहीही बोला.

मीही एकदा बोलले. “मी म्हटलं नव्हतं?” एवढंच. ते परत घेता आलं तर घेईन.

उपयोग झाला तो कामाचा. सातव्या दिवशी दिरानं त्याला स्वतःच्या होडीवर वाट्यानं नेलं, खलाशी म्हणून. लाज वाटली त्याला, पण रात्री जिताडा घेऊन आला आणि जेवताना त्याची लांबी सांगितली. माणूस घरात एकटा बसत असेल, बाटली वाढली असेल, झोप गेली असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, मराठीत बोलतात. आम्ही लावला नाही, पण नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

होडी सव्वा महिन्यानं पाण्यात गेली. विम्याची चौकशी केली; सर्व्हे मागतात, होडीच्या वयावर अडतं, आणि निष्काळजीपणानं बुडाली तर पैसे मिळतीलच असं नाही. तरी फायबरचं काम पुरं झाल्यावर सर्व्हे करून घेणार आहोत. तोवर आम्ही अकरा जणी महिन्याला पाचशेची भिशी टाकतो, ती फक्त बुडालेल्या होडीला उचलायची. पिंपं मात्र परत विकली नाहीत, घरामागे आहेत, सारसोळ्याला तीच गेली होती.

दोर आता दोन आहेत, दोन्ही लांब, कारण पुनवेला पाणी चार मीटरच्या वर चढतं. ओहोटीला बांधताना जितका ढिला बरा वाटतो त्याहून जास्त ढिला सोडायचा. यंदाच्या कोजागिरीला दूध जेट्टीवरच आटवायचं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलंय.