कवटी नसलेला ड्रम: केमिकल प्लांटमध्ये नवीन लागणाऱ्यांसाठी

बीएस्सी केमिस्ट्री करून एमआयडीसीत लागलो तेव्हा माझ्या डोक्यात केमिकलचे दोनच प्रकार होते, एक डेंजर आणि एक चालतंय. पुढे एडीआयएस (इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा) केलं, प्रॉडक्शन सोडून सेफ्टीत आलो आणि आता नवीन पोरं जॉईन झाली की इंडक्शन माझ्याच गळ्यात असतं. दर बॅचला तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी माझी फजिती. जॉईन होऊन महिना पण झाला नसेल, साहेबांनी स्टोअरची यादी दिली, म्हणाले जास्त विषारी असेल त्याला लाल रंग मार. मी आपलं एक्सेल उघडून विषारीपणाच्या कॅटेगरीत ४ वाल्यांना लाल आणि १-२ वाल्यांना हिरवं करून मोकळा, कारण टाकीवर तो धोका दाखवणारा निळा-लाल-पिवळा-पांढरा डायमंड असतो ना, त्यात ४ म्हणजे सगळ्यात वाईट हे पाठ होतं. ड्रमच्या लेबलवर मात्र जीएचएस असतं आणि ते बरोबर उलटं चालतं, तिथं १ सगळ्यात जालीम. साहेब काही बोलले नाहीत, फक्त सोडियम सायनाइडच्या हिरव्या ओळीवर बोट ठेवलं आणि चहाला निघून गेले.

जीएचएस म्हणजे केमिकलचे धोके ठरवून लेबल लावायची युनोची पद्धत, २००३ मध्ये पहिल्यांदा छापली, जांभळ्या कव्हरमुळे लोक पर्पल बुक म्हणतात. त्यात आग-स्फोटाचा भाग वेगळा, पर्यावरणाचा वेगळा, आणि माणसाच्या शरीराला काय होतं याचे दहा वर्ग. दहाच्या दहा पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मी पोरांना तीनच गोष्टी विचारायला लावतो: लगेच होतं का उशिरा, कुठून आत जातं, आणि शरीरात कशावर बसतं.

लगेच होणारं समजायला सोपं. एलडी ५० म्हणजे ज्या डोसला प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात तो आकडा, वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये. तोंडावाटे ५ किंवा त्याखाली असेल तर कॅटेगरी १, ५० पर्यंत २, ३०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४. पहिल्या तिघांना लेबलवर कवटीचं चित्र, चौथ्याला नुसतं उद्गारचिन्ह. श्वासावाटे आणि कातडीवाटे जाणाऱ्याचे आकडे वेगळे असतात ते टेबलात बघायचे.

गडबड इथून सुरू होते, कारण कवटी फक्त लगेच मारणाऱ्यालाच मिळते. मेथेनॉलवर कवटी आहे, त्यामुळे सगळे त्याला टरकून असतात, आणि ते बरोबरच आहे, डोळे जातात त्यानं. पण बेन्झीन? त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं माहीत आहे, तरी बहुतेक लेबलवर कवटी नसते, असतो तो छातीत चांदणी फुटलेला माणूस. नवीन पोरांना ते चित्र म्हणजे कसलं तरी हार्टचं वाटतं! कॅन्सर, जीन्समधले बदल, गर्भावर परिणाम, वर्षानुवर्षं थोडं थोडं जाऊन नसा किंवा लिव्हर खराब होणं, श्वासाची अॅलर्जी, हे सगळं त्या एका माणसाच्या छातीत कोंबलंय. म्हणून चित्रावर थांबायचं नाही, खालचा एच नंबर, म्हणजे नेमका धोका कुठला ते सांगणारा कोड, वाचायचा. एच ३५० म्हणजे कॅन्सर होऊ शकतो, एच ३३४ म्हणजे श्वासाची अॅलर्जी किंवा दमा. हे दुसरं आयसोसायनेटवाल्यांनी (फोम, पेंटमध्ये लागणारं केमिकल) नीट वाचा, कारण एकदा शरीर बिथरलं की नंतर अगदी कणभर वासानं पण दम लागतो, डोसचा हिशोबच उरत नाही.

अजून एक खाच. कॅन्सरच्या कॅटेगरीत १ए, १बी, २ असतं, त्याचा अर्थ किती जालीम असा नाहीच, पुरावा किती पक्का असा आहे. १ए म्हणजे माणसांवरून सिद्ध झालेलं, १बी म्हणजे मुख्यतः प्राण्यांवरून धरलेलं, २ म्हणजे संशय. इंटरव्ह्यूला मी हे हमखास विचारतो आणि चांगले चांगले इथं गडगडतात.

कुठून आत जातं यासाठी रॉकेलचं उदाहरण देतो, ते घराघरात माहीत असतं. पोरानं पाण्याच्या बाटलीतलं रॉकेल पिलं तर जुनी माणसं म्हणायची उलटी काढू नका. पोटात ते एवढं विषारी नाही, पण पातळ असतं, उलटीत घसरून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. लेबलवर ह्याचा वेगळा वर्ग आहे, एच ३०४. म्हणजे आपल्या आज्यांना हा वर्ग पर्पल बुकच्या आधीपासून माहीत होता.

आपल्याकडे भोपाळनंतर १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम आले, त्यात विषारीपणाच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. कागदपत्रं भरताना जीएचएसची कॅटेगरी तशीच उचलून तिथं चिकटवू नका, ऑडिटला पकडतात.

एमएसडीएस, म्हणजे केमिकलसोबत येणारं सुरक्षेच्या माहितीचं पत्रक, हातात आलं की (हल्ली एसडीएस म्हणतात, प्लांटवर कोणी म्हणत नाही) सोळा सेक्शन वाचत बसायला शिफ्टमध्ये वेळ नसतो. मी आधी २ बघतो (धोके कुठले), मग ११ (विषारीपणा), तिथं खरी माहिती असते, मग ८ मध्ये ग्लोव्ह्ज कुठले ते. नुसतं ‘योग्य हातमोजे वापरा’ लिहिलं असेल तर सप्लायरला फोन लावायचा, लाजायचं नाही.

आमच्याकडे पेंट सेक्शनला एक काका होते, शिफ्ट संपली की टोल्युइननं (पेंट पातळ करायचं सॉल्व्हंट) हात धुवायचे. मी लेबल दाखवलं तर म्हणाले, “साहेब, यावर कवटी कुठंय? वीस वर्षं धुतोय, काय झालंय मला?” कवटी खरंच नव्हती. मी एच ३७३ वाचून दाखवलं, दीर्घकाळ संपर्कानं अवयवांना इजा, टोल्युइनच्या बाबतीत मेंदू आणि नसा. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत हात बुडवले. मग मी त्यांना एवढंच विचारलं की संध्याकाळी डोकं दुखतं का, घरी गेल्यावर चिडचिड होते का. काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ते आमच्या मंडळींना विचारावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी साबणाची वडी होती. टोल्युइनचा डबा पण होता, पण झाकण लावलेलं.